नवनगराआधी जमिनीची तपासणी

पेण, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील १२४ गावे आणि सुमारे ३२३ चौरस किलोमीटर जमीन. ‘तिसरी मुंबई’ म्हणून जिची चर्चा आहे, ती एवढी मोठी आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने या कर्नाळा-साई-चिरनेर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू सुरू झाला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. जमिनीचे भाव, मोबदल्याचे सूत्र, रस्त्यांची रुंदी यांबद्दल रोज काही ना काही छापून येते. पण या जमिनीवर माणसांखेरीज कोण राहते, ते कुठून कुठे ये-जा करते आणि त्याची जागा गेल्यावर ते कुठे जाणार, हा प्रश्न ‘पर्यावरणवाल्यांचा’ म्हणून बाजूला पडतो.

तो आरोग्याचाही प्रश्न आहे, म्हणून आज या स्तंभात. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी सरकारी रुग्णालयात काम करतो. पावसाळ्यात आमच्या वॉर्डातल्या कितीतरी खाटा साप, कुत्री, उंदीर आणि डास यांच्यामुळे भरलेल्या असतात. ही मंडळी कुठे वाढतात, कुठे सरकतात आणि माणसाच्या किती जवळ येतात, हे आपण जमीन कशी वापरतो यावर पुष्कळसे ठरते. नगररचनाकाराने नकाशावर ओढलेली रेघ काही वर्षांनी आमच्या केसपेपरवर उमटते.

हर्नियाचे साधे ऑपरेशन असले, तरी रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो पाहून भूलतज्ज्ञ ‘फिट’ म्हणेपर्यंत रुग्णाला टेबलावर घेत नाहीत. कुणी त्याला प्रगतीच्या वाटेतला अडथळा म्हणत नाही. तपासणीत मधुमेह निघाला तर ऑपरेशन रद्दच होते असेही नाही. साखर आटोक्यात आणतात, तारीख बदलते, कधी भुलेचा प्रकार बदलतो. नवे शहर म्हणजे तर कित्येक पिढ्यांची शस्त्रक्रिया. तिच्याआधी जमिनीची तपासणी व्हायला हवी, आणि कागदोपत्री ती होतेही. ती कशी होते, हे पुढे येईल. आधी ती कशासाठी लागते ते पाहू.

भराव आणि साप

या भागाची रचना अशी: एका बाजूला खाडी, तिच्या कडेने तिवरांची झाडी, चिखलाचे पट्टे, मिठागरे आणि खाजणे. मग बांध घालून समुद्राला मागे रेटून पिढ्यान्‌पिढ्या कसलेली खारजमिनीतली भातशेती. दुसऱ्या बाजूला डोंगर, त्यात कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य. त्याचे क्षेत्र जेमतेम बारा चौरस किलोमीटर आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग. डोंगर आणि खाडी यांना ओढे-नाले जोडतात. सरकारी कागदावर यातल्या पुष्कळ जमिनीपुढे ‘पडीक’ असे लिहिलेले सापडते. आम्ही डॉक्टर केसपेपरवर कधीकधी ‘एनएडी’ लिहितो, म्हणजे दोष काही आढळला नाही. पण तपासून न आढळणे वेगळे आणि न तपासताच लिहिणे वेगळे. जमिनीपुढचा ‘पडीक’ हा शेरा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातला असतो.

भातखाचरात उंदीर आणि उंदरामागे साप, हे कोकणातल्या शेतकऱ्याला माहीत असलेले जुने गणित आहे. गावाने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते. अंधारात बॅटरी घेऊन निघायचे, लाकडाच्या ढिगात एकदम हात घालायचा नाही, पेंढा रचताना काठी आपटायची. उन्हाळ्यात डंपर येतात आणि खाचरावर मीटर-दीड मीटर मुरूम पडतो. बिळे गाडली जातात. जे जगते ते कडेला सरकते आणि कडेला दोनच गोष्टी असतात: जुने गाव आणि बांधकाम मजुरांची वस्ती. पत्र्याच्या खोल्या, जमिनीवर अंथरूण, उघड्यावर शिजणारा भात, सांडलेले अन्न, त्यावर येणारे उंदीर. सापाला आमंत्रण देण्यात काहीच कमी ठेवलेले नसते.

यातला सर्वात फसवा मण्यार. तो रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका हलका की अनेकांना जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही. सोबतचे लोक म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. दोन तास तिथेच जातात, तोवर श्वासाचे स्नायू थकू लागतात. फुरसे कोकणात भरपूर. ते छोटे असते, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडचे एकच सर्पविषरोधक औषध चालते. सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल्स लागतात आणि त्या वेळेत शिरेतून जाव्या लागतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारे बहुतेक ग्रामीण, कष्टकरी. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून प्राण वाचवता येतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच रायगड जिल्ह्यात काम करून जगाला दाखवले. ज्या जमिनीवर नवनगर येणार, तिचा वैद्यकीय इतिहास असा आहे. बिहार-ओडिशातून आलेल्या मजुराला मात्र इथला साप ओळखीचा नसतो आणि रुग्णालय कुठे आहे हे मुकादमाला विचारावे लागते.

उंदरांचे आणखी एक प्रकरण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडे बंद पडलेले रुग्ण येऊ लागले. तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर-घुशींच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. खाजण आणि तिवरांचा पट्टा म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थांबून राहायची जागा. ती भरली की पाणी माणसांच्या घरांत थांबते. पाणथळ बुजवली म्हणजे मलेरिया जाईल, ही समजूतही अर्धीच खरी. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास दलदलीत नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेले पाणी, तळघरात साचलेले पाणी, उघड्या टाक्या. तळ्यात अळ्या खाणारे मासे तरी असतात, सिमेंटच्या टाकीत तेही नाहीत.

बिबट्या, कुत्रा आणि कोल्हा

वन्यजीव आणि शहर म्हटले की मुंबईत बिबट्याचीच आठवण होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आणि तिन्ही बाजूंनी वस्ती. जून २००४ मध्ये तिथल्या बिबट्यांच्या हल्ल्यांत एका महिन्यात दहा जणांचे बळी गेले. त्याआधी काही काळ वेगवेगळ्या भागांत पकडलेले बिबटे जंगलात आणून सोडण्याची पद्धत होती. ‘जंगली प्राणी आहे, जंगलात सोडा’ हे ऐकायला सरळ वाटते. जुन्नर वनविभागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडून दुसरीकडे सोडणे सुरू झाल्यावर ते सरासरी सतरावर गेले आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या अधिक धोक्याचा ठरला. पुढे २०११ पासून वनविभाग, संशोधक आणि नागरिकांनी मिळून मुंबईत जनजागृतीचे काम केले. कचरा उचलायचा, उजेड ठेवायचा, बिबट्या दिसला म्हणून त्याला घेरायचे नाही. फरक पडला.

नगररचनेच्या दृष्टीने याचा धडा साधा आहे. ‘प्राणी दुसरीकडे हलवू’ हे आराखड्यातले वाक्य जिथे दिसेल तिथे थांबून विचारावे: कुठे, आणि तिथे आधीपासून कोण आहे?

२०१८ मध्ये ‘फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट’ या नियतकालिकात मुंबईच्या बिबट्यांवर एक वेगळाच लेख आला. उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे सुमारे हजार श्वानदंश आणि नव्वदच्या आसपास संभाव्य रेबीजचे मृत्यू टळत असावेत, असा त्यात हिशेब होता. हा गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. मला स्वतःला नव्वदचा आकडा जास्त वाटतो, कारण मुंबईत बहुतेकांना लस मिळते. पण दिशा बरोबर आहे. भक्षक, कुत्री, कचरा आणि श्वानदंश हे एकाच साखळीचे दुवे आहेत, आणि एक काढला की बाकीचे जागच्या जागी राहत नाहीत.

याचा सर्वात मोठा आणि दुःखद पुरावा गिधाडांचा. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, म्हणजे आम्ही अंगदुखीला सर्रास लिहितो त्या औषधामुळे, देशातली गिधाडे जवळजवळ संपली. मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली, कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे पाच लाखांच्या आसपास जादा मृत्यू झाले असावेत, असा निष्कर्ष दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले, पण गिधाडे परतलेली नाहीत.

खाडीकाठाला बिबट्याची जागा कोल्हा घेतो. नवी मुंबई आणि मुंबईच्या तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत, हे अनेकांना खारघर-विक्रोळीचे व्हिडिओ फिरू लागल्यावर कळले. बिचारा लाजाळू प्राणी, खेकडे आणि उंदीर खाऊन राहणारा. पण तिवरांच्या कडेला कचरा पडू लागला की तिथे कुत्री येतात आणि कुत्र्यांबरोबर रेबीज. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रॉम्बे-चेंबूर भागात कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे प्रयोगशाळेत निष्पन्न झाले आणि पिसाळलेला कोल्हा माणसांना चावल्याच्या बातम्या आल्या. लगेच ‘कोल्हे पकडा’ अशी मागणी झाली. डॉक्टर म्हणून माझे मत उलट आहे. कोल्ह्याला रेबीज होणे हे आजूबाजूच्या कुत्र्यांचे लसीकरण अपुरे असल्याचे लक्षण असू शकते. नवनगराच्या आराखड्यात कचऱ्याचे डेपो, मटण-मासळी बाजार आणि तिवरांची कड यांच्यात किती अंतर ठेवायचे, हा म्हणूनच लसीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. (कुत्रा, कोल्हा, माकड, काहीही चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.)

भरतीचे वेळापत्रक

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याशी टक्कर झाली. पंतनगर परिसरात ३९ पक्षी मेलेले सापडले. विमान सुखरूप उतरले, हे सुदैव. त्यात शेकडो माणसे होती.

फ्लेमिंगो ओहोटीला चिखलात चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा त्यांना थांबायला उथळ पाण्याची जागा लागते. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण भरतीला थांबायची नेरूळ-सीवूड्सकडची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर होती. म्हणजे स्वयंपाकघर राखले आणि झोपायची खोली विकायला काढली, असा प्रकार. यातल्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी यायची वाट बंद झाली, तिथे २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले आणि मग न्यायालये, समित्या, आंदोलने असे सगळे झाल्यावर २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांचे ते तळे संवर्धन राखीव करण्याचा निर्णय झाला. हे सगळे आधी का कळले नाही? कारण पक्षी कुठे बसतात एवढेच पाहिले. ते कुठून कुठे, कोणत्या वेळी, किती उंचीवरून जातात, हे पाहायला भरती-ओहोटीचे वेळापत्रक हातात घेऊन वर्षभर बसावे लागते.

एक जागा बुजवली की थवा नाहीसा होत नाही, दुसरी शोधतो. ती दुसरी जागा धावपट्टीच्या पलीकडे असेल तर रोज दोनदा त्याला धावपट्टी ओलांडावी लागेल. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला आपल्याकडे नियमानेच बंदी आहे, कारण घारी आणि कावळे तिथे जमतात. पाणथळींच्या बाबतीत मात्र उलटी गोष्ट आहे. पक्षी धावपट्टीपासून दूर ठेवायचे तर दूरच्या पाणथळी राखायला हव्यात.

तुकड्यांची हिरवाई

आराखड्यात हिरवा रंग भरपूर असतो. पण हिरव्याचे तुकडे किती मोठे, हे विचारायला हवे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत जंगले कापून उपनगरे झाली आणि मधे मधे झाडीचे तुकडे उरले. २००३ मध्ये तिथे झालेल्या अभ्यासात दोन हेक्टरांपेक्षा लहान तुकड्यांत लाइम आजाराचे जंतू वाहणाऱ्या गोचिडी सर्वांत दाट आढळल्या. लहान तुकड्यात उंदरांना खाणारे प्राणी टिकत नाहीत, त्यांच्याशी स्पर्धा करणारेही टिकत नाहीत. उंदीर माजतात आणि गोचिडींना जंतू देणारे उंदीरच असतात. सोसायटीच्या गेटसमोर झाडांचा पट्टा राखला म्हणजे जंगल राखले, असे होत नाही. कधी तर नको ते तेवढे उरते.

हे फार दूरचे वाटत असेल तर सिंधुदुर्गकडे पाहा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोहोचला. त्याचा विषाणू गोचिडींतून पसरतो. आधी माकडे मरून पडतात आणि मग काजूच्या बागेत, जंगलाच्या कडेला काम करणारी माणसे तापाने येतात. हा आजार रायगडात आहे असे मी म्हणत नाही. मुद्दा कडेचा आहे. जंगल जितके जास्त तुकड्यांत कापावे, तितकी त्याची कड लांब होते, आणि माणूस व प्राणी यांची गाठ कडेवरच पडते. म्हणून एक मोठा सलग पट्टा आणि त्याला धरून ओढ्याच्या दोन्ही तीरांची मोकळी वाट, हे पन्नास छोट्या उद्यानांपेक्षा आरोग्यालाही बरे.

आता तपासणी होते कशी

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी अहवाल तयार होतो. त्यात प्रकल्पाभोवतीच्या साधारण दहा किलोमीटर परिसरातील हवा, पाणी, माती आणि सजीव यांची माहिती असते. पाहणी बहुधा एका ऋतूची, तीही पावसाळा सोडून. कोकणात पावसाळा सोडून! बेडूक, खेकडे, सडे-माळांवरची वनस्पती, डोंगरातून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात येणारे मासे, सापांची हालचाल, हे सगळे जून ते सप्टेंबरात असते. फेब्रुवारीत पाहणी करून ‘लक्षणीय जीवसृष्टी आढळली नाही’ असे लिहिणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला उन्हाळ्यात दुपारी तपासून छाती साफ आहे म्हणण्यासारखे आहे.

दुसरी अडचण अशी, की तपासणी प्रकल्पाप्रकल्पाची होते, शहराची नव्हे. रस्त्याची वेगळी, बंदराची वेगळी, गृहसंकुलाची वेगळी. प्रत्येक अहवाल आपापल्या भूखंडापुरता खरा असू शकतो. ओढा मात्र दहा भूखंडांतून जातो आणि दहाही जण थोडा थोडा वळवतात. तिसरी, अहवालाचा खर्च ज्याला प्रकल्प करायचा तोच देतो. माझ्या रक्ततपासणीचे पैसे शल्यविशारदाने दिले तर मला जरा धाकधूक वाटेल. आणि चौथी, फारशी कुणाला माहीत नसलेली: मोठ्या उद्योगांसाठी जनसुनावणी असते, पण इमारती, क्षेत्रविकास आणि टाउनशिप यांना सर्वसाधारणपणे ती लागू नाही. म्हणजे लोकांना बोलायची खरी जागा नगररचना कायद्याखालच्या आराखड्यावरील हरकती-सूचना हीच उरते.

तिवरांना कायद्याचे संरक्षण भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची तोड सरसकट थांबवली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. मात्र तिवरांमागच्या खाजणाला, ओसाड दिसणाऱ्या मिठागराला आणि भातखाचराला तसा वाली नाही.

नीट तपासणी म्हणजे फार अवघड शास्त्र नव्हे. आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी वर्षभर, बाराही महिने पाहणी. ओढ्यांच्या तोंडाशी आणि महामार्गाच्या मोऱ्यांत कॅमेरे. भरती-ओहोटीनुसार पक्ष्यांची ये-जा. रात्रीची पाहणी, कारण निम्मे प्राणी रात्री जागे असतात. कातकरी, आगरी, कोळी वस्त्यांत बसून विचारपूस, कारण कोणत्या मोरीतून रानडुक्कर येते हे त्यांना कॅमेऱ्याआधी ठाऊक असते. यात मी माझ्या खात्याची भर घालीन: गेल्या पाच-दहा वर्षांतले सर्पदंश, श्वानदंश, लेप्टो, मलेरिया यांचे रुग्ण गावनिहाय नकाशावर मांडा. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रजिस्टरांत ही माहिती आजही पडून आहे. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की कुठे हात लावायचा नाही, कुठे जपून आणि कुठे खुशाल बांधायचे, हे बरेचसे दिसू लागते. शेवटचे ‘खुशाल बांधा’ हेही तपासणीचे उत्तर आहे, हे विसरू नये.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो परिसराने १९९७ मध्ये असे केले. तिथे झुडपी माळावर राहणाऱ्या एका लहानशा पक्ष्यामुळे प्रत्येक बांधकाम कोर्टात अडकू लागले होते. शेवटी सुमारे ९०० चौरस मैलांचा एकत्रित विचार करून ८५ जातींसाठी जवळपास १ लाख ७२ हजार एकरांचे राखीव जाळे ठरवले आणि बाकीच्या जमिनीवर परवानग्या सोप्या केल्या. वाद तिथेही झाले, होत आहेत. पण बिल्डरला आणि पक्ष्याला दोघांनाही आपापली हद्द आधी कळली.

इथे एक रास्त भीती मांडली पाहिजे. गावात कुणी कॅमेरा लावायला आले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो: उद्या कोल्हा सापडला तर माझी जमीन अडकणार आणि शेजाऱ्याच्या जमिनीला कोट्यवधी मिळणार. ही भीती खोटी नाही. ओढ्याकाठची जमीन मोकळी ठेवायची असेल तर तिचा मोबदला शेजाऱ्याच्या भूखंडाइतकाच मिळाला पाहिजे, नाहीतर रात्रीत भराव पडेल, आणि पडतोच. घरांची गरजही खरी आहे. आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथला क्षयरोग मी रोज पाहतो.

आणि निसर्ग आपल्या नकाशाचे ऐकत नाही, याची गंमत नवी मुंबईतच पाहा. समुद्रसपाटीच्या आसपासची जमीन म्हणून सिडकोने भरतीचे पाणी अडवायला नि पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव बांधले. त्यांत गाळ साचला, गाळात तिवरे उगवली, तिवरांवर पक्षी आले. आता गाळ काढायचा तर तिवरे तोडावी लागतात आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. गाळ नाही काढला तर वस्तीत पाणी शिरते. दोन्ही बाजू बरोबर आहेत. देखभालीचा विचार आणि जीवसृष्टीचा विचार पहिल्याच दिवशी एका टेबलावर झाला असता, तर कदाचित तलावाचा एक भाग तिवरांसाठी सोडून दुसरा दरवर्षी उपसता आला असता.

नवनगराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा १२४ गावांतल्या लोकांनी मोबदल्याच्या अर्जासोबत आणखी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. पाहणी कोणत्या महिन्यांत केली? माझ्या गावातला ओढा आराखड्यात ओढा म्हणून दाखवला आहे की पाइप म्हणून? भराव किती उंचीचा, आणि त्याचे पाणी कोणाच्या अंगणात उतरणार? कचऱ्याची जागा कुठे? आणि रुग्णालयाच्या भूखंडावर इमारत उभी राहीपर्यंत मधल्या वर्षांत मजूर वस्तीपासून सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषरोधकाच्या किती व्हायल्स असतील, आणि रात्री दोन वाजता त्या द्यायला तिथे कोण असेल?